गालातला पांढरा चट्टा आणि तोंडात न मावणारी पाणीपुरी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हालाही कळेल. वय ४१, मुक्काम इंदूर. पंधरा-सोळा वर्षं पान मसाला आणि जर्दा एकत्र करून खाता, दिवसाला सहा-सात पुड्या, डाव्या गालफडात धरून ठेवायची सवय. चार महिन्यांपूर्वी दाढ भरायला गेलात, तेव्हा दंतवैद्यांनी डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दाखवला आणि बायॉप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्या म्हणाले. चट्टा दुखत नाही, रक्त येत नाही, कापसानं पुसला तरी निघत नाही. मधोमध एका जागी जरा लालसर दिसतं. आई म्हणतात, चाकू लावू नका, लावला की पसरतं. तुमचे प्रश्न दोन : हा कॅन्सर आहे का, आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी ठेवली तर चालेल का. मग शेवटी जाता जाता एक ओळ : ‘बाकी काही त्रास नाही, फक्त हल्ली पोह्यांवर जीरावण मसाला घातला की झोंबतं आणि सराफा बाजारात पाणीपुरी फोडून खावी लागते.’

मी पंचवीस वर्षं इंदुरात तोंडाच्या आतले आजार तपासते आहे. तुमचं लिहिणं वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ते त्या शेवटच्या ओळीपाशी. तिच्याकडे येतेच, पण आधी चट्टा.

हा कॅन्सर आहे का, याचं उत्तर लिहिलेल्या वर्णनावरून मी देऊ शकत नाही. फोटो पाठवलात तरी नाही, आणि समोर खुर्चीत बसून तोंड उघडलंत तरी खात्रीनं नाही. इतक्या वर्षांनंतर माझा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, पण तो अंदाजच. साधासुधा दिसणारा चट्टा तपासणीत वाईट निघालेला मी पाहिलाय आणि भयंकर दिसणारा अगदी निरुपद्रवी निघालेलाही. म्हणून ‘काही नाही हो, निश्चिंत राहा’ असं नुसतं बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि ‘हा कॅन्सरच’ असं नुसतं बघून सांगणाऱ्यावरही नको.

मुळात पांढरं का दिसतं? गालाचं आतलं अस्तर पातळ असतं, त्यातून खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो, म्हणून ते गुलाबी. तिथं रोज काहीतरी घासलं, भाजलं, टोचलं की अस्तर स्वतःला वाचवायला जाड होतं, जसे कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. जाड थर लाळेत सतत भिजून पांढरा पडतो आणि खालचा गुलाबी रंग झाकतो. तुम्ही जिथं पुडी धरता तिथं तंबाखू तर आहेच, शिवाय चुना असला तर तोही. चुन्यानं कातडी भाजते आणि तंबाखूतलं निकोटिन लवकर मोकळं होऊन रक्तात जातं. किक बसते ती त्यामुळं. म्हणजे एकाच जागी वर्षानुवर्षं भाजणं, आणि त्याच जागी तंबाखूतली कॅन्सर करणारी रसायनं. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो तो गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत. पुडी धरायची जागा आणि रोगाची जागा एकच, हा योगायोग नाही.

पण प्रत्येक पांढरं काही तुम्ही नेटवर वाचलेलं ल्युकोप्लाकिया नसतं; ते काय असतं ते पुढं सांगतेच. दातांच्या रेषेत गालावर आडवी पांढरी रेघ बहुतेकांना असते, ती नैसर्गिक. काहींच्या गालात दुधी झाक असते आणि गाल ताणला की ती नाहीशी होते. तीही काळजीची नाही. पुसल्यावर निघून जातं आणि खाली लाल राहतं ते बहुधा बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं. मधुमेह असलेल्यांना, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना, रात्री कवळी न काढणाऱ्यांना होतं. दोन्ही गालांत जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेघा असतील तर लायकेन प्लानस असू शकतो. तो वेगळा आजार आहे, पण त्यालाही नियमित बघावं लागतं. एखाद्या तुटक्या दाढेचं टोक गालाला घासत असेल तर तिथंही पांढरं होतं. टोक घासून गुळगुळीत केलं की दोन आठवड्यांत जायला हवं. हे सगळं वगळल्यावर जो पांढरा चट्टा उरतो, जो पुसून जात नाही आणि ज्याला दुसरं नाव देता येत नाही, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. म्हणजे हे नाव रोगाचं नाही, ‘अजून नक्की काय ते कळायचंय’ याचं आहे. तुम्ही नेटवर हा शब्द वाचून रात्रभर जागलात असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. पांढरा, पातळ, सपाट, एकसारख्या रंगाचा चट्टा. बरोबर तंबाखू धरायच्या जागी. आणि माणूस आजपासून तंबाखू बंद करतो म्हणतो. असा रुग्ण आला तर मी कधीकधी थांबते. तंबाखू धरण्यानं झालेला चट्टा ती बंद केल्यावर सहसा दोन ते सहा आठवड्यांत फिका पडू लागतो. तारीख घालून फोटो काढते, परत बोलावते, आणि फरक पडला नाही तर तुकडा काढते. पण चट्टा खरखरीत असेल, वर उचललेला असेल, किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल, तर मी एक दिवसही ‘बघू’ म्हणत नाही. लालसर दिसतं म्हणजे त्या जागी अस्तर पातळ झालंय किंवा खाली नव्या रक्तवाहिन्या वाढताहेत. नुसता लाल, मखमलीसारखा चट्टा, ज्याला एरिथ्रोप्लाकिया म्हणतात, तो पांढऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त धोक्याचा. त्यातल्या बहुतेकांत तपासणीला पेशींचा मोठा बिघाड किंवा कॅन्सरच सापडतो. दुर्मीळ आहे आणि दुखत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. तुमच्या चट्ट्यात लाल आहे. तुमच्यासाठी थांबून बघण्याचा पर्याय मी ठेवणार नाही.

जागाही महत्त्वाची. जिभेची कड आणि जिभेखालचा तळ इथला चट्टा कुणाचाही असो, मी जास्त गांभीर्यानं घेते. दारूही धरा. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते : घेता का? तंबाखू आणि दारू एकत्र आले की धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. हे डॉक्टरांना लपवू नका. आईसमोर सांगायचं नसेल तर आत येऊन एकटे सांगा.

‘किती टक्के लोकांत कॅन्सर होतो?’ हा प्रश्न पुढं येईलच. ल्युकोप्लाकियाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत; कुठं शंभरात एक-दोन, कुठं दहाच्या आसपास, आणि लाल मिसळलेल्या चट्ट्यांत त्याहून जास्त. कुणाचे रुग्ण, किती वर्षं पाहिले, तंबाखू सुटली की नाही, यावर तो आकडा हलतो. बहुसंख्य चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही, हे खरं. पण कुठल्या चट्ट्याचा होईल हे बाहेरून ओळखता येत नाही, हेही तितकंच खरं, आणि निर्णय दुसऱ्या वाक्यावर घ्यावा लागतो.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुमचे चार महिने तिथंच गेले. आपल्या घरांत तोंडात काही झालं की ठरलेलं उत्तर : उष्णता झाली, पोट साफ नाही. मग तूप लावायचं, गुलकंद खायचा, औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या. दुकानदारही सांगतो, ‘कुछ नहीं भैया, गर्मी के छाले हैं.’ साधं तोंड येतं तेव्हा ते भयंकर दुखतं आणि सात-दहा दिवसांत जातं. त्यामुळं आपल्या मनात हिशेब बसलाय की दुखतंय म्हणजे गंभीर, दुखत नाही म्हणजे किरकोळ. या आजारात हिशेब उलटा चालतो. सुरुवातीचा कॅन्सर सहसा दुखतच नाही. दुखायला लागतो तो खोल गेल्यावर, नस धरल्यावर. कानात ठणका, ओठ किंवा हनुवटी बधिर, निरोगी दिसणारी दाढ हलू लागणं, गिळताना अडकणं, जबड्याखाली किंवा मानेत न दुखणारी टणक गाठ, यातलं काही असेल तर आठवडाभरसुद्धा वाट बघू नका. आणि कुठलाही व्रण, दुखो वा न दुखो, दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचा.

इथं माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, साधारण तुमच्याच वयाचे, गालात पांढरा चट्टा आणि शेजारी तुटलेली दाढ. मला वाटलं, दाढेनंच झालंय. दाढ घासून दिली आणि म्हटलं, पंधरा दिवसांनी या. ते आले नाहीत, मीही विचारलं नाही. फोन नंबरसुद्धा लिहून घेतला नव्हता. अकरा महिन्यांनी आले तेव्हा मानेत गाठ होती. दाढ घासल्यावर त्यांचं टोचणं थांबलं, म्हणून त्यांना वाटलं बरं झालं. त्यांना मी काय सांगणार होते? तेव्हापासून चट्टा असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि परत यायची तारीख वेगळ्या वहीत असते, आणि नाही आला तर आम्ही फोन करतो. पुष्कळ लोक चिडतात. चिडू देत.

आता आईंचा चाकू. ही समजूत मी रोज ऐकते आणि ती कुठून आली तेही मला कळतं. आपल्याकडे लोक येतात उशिरा, तपासणी होते तेव्हा रोग पसरलेलाच असतो, पुढच्या काही महिन्यांत माणूस खंगतो, आणि शेजाऱ्यांच्या लक्षात राहतं ते एवढंच : तुकडा काढला आणि नंतर बिघडलं. तोंडातल्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढल्यानं कॅन्सर तयार होत नाही, आणि त्या भीतीनं तपासणी टाळण्यासारखं काहीच नाही. उलट तुकड्याशिवाय उपचारच ठरवता येत नाही.

होतं काय ते ऐका, म्हणजे आईंना सांगता येईल. दात काढताना देतात तसं भुलीचं इंजेक्शन गालात. टोचतं तेवढंच. मग चट्ट्याची सगळ्यात संशयास्पद जागा निवडायची, तुमच्या बाबतीत जिथं लाल आहे ती, आणि तिथून काही मिलिमीटरचा तुकडा काढायचा. मसूर डाळीच्या दाण्याएवढा समजा. एक-दोन टाके. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दोन-तीन दिवस मऊ आणि गार खायचं, उसळ-पोहे आणि शेव बंद. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, भुलीची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. तपासणीआधी चट्ट्यावर निळा रंग लावून बघतात, काही ठिकाणी खास दिव्याखाली बघतात. कुठून तुकडा घ्यावा हे ठरवायला त्याची मदत होते, पण रंग चढला नाही म्हणून बायॉप्सी रद्द करू नका.

रिपोर्टमध्ये काय येईल? समजा लिहिलं असेल की थर जाड झालाय पण पेशींची घडण ठीक आहे. चांगली बातमी; तंबाखू-सुपारी बंद, टोकदार दात दुरुस्त आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. ‘डिस्प्लेशिया’ हा शब्द आला तर दचकू नका, पण दुर्लक्षही करू नका. पेशींची घडण बिघडायला लागली आहे, कॅन्सर अजून नाही, असा त्याचा अर्थ. सौम्य असेल तर वरचंच सगळं, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर चट्टा काढून टाकणं. मध्यम किंवा तीव्र असेल तर काढायचाच, सुरीनं किंवा लेझरनं. कॅन्सर आला, तर तो किती मोठा आणि किती खोल, मानेत गेलाय का, हे बघून तोंडाच्या कॅन्सरचे सर्जन ठरवतील. लहान असताना सापडला तर बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेवर भागतं आणि माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. उशीर झाला तर जबड्याचं हाड, मानेतल्या गाठी, नंतर किरणोपचार, केमो, आणि इतकं करूनही खात्री कमी.

एक गोष्ट रिपोर्टच्या कागदावर छापलेली नसते. तुकडा चट्ट्याच्या एका कोपऱ्यातला असतो. रिपोर्ट साधा आला आणि चट्टा मात्र वाढतोय, रंग बदलतोय, तर पुन्हा तुकडा काढावा लागतो. याला डॉक्टरांची लूट समजू नका. आणि चट्टा पूर्ण काढला तरी धोका शून्यावर येत नाही, कारण तंबाखूचा रस एका जागी थांबत नाही. सगळं तोंड त्यात भिजलेलं असतं. नवा चट्टा दुसऱ्या गालात येऊ शकतो. म्हणून तपासण्या थांबवायच्या नाहीत.

नुसतं दिव्याखाली नीट बघण्यानं किती फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासत होते. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत ३४ टक्क्यांनी कमी होते. महागडं यंत्र नाही, फक्त उजेड आणि सरावलेले डोळे. तुमच्या दंतवैद्यांनी दाढ भरता भरता तेच केलं. त्यांचे आभार माना.

आता ती पाणीपुरी.

जीरावण झोंबतं आणि अख्खी पुरी तोंडात जात नाही, ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की मी चट्टा बाजूला ठेवून आधी गाल चाचपते. हा बहुधा दुसरा आजार, सबम्यूकस फायब्रोसिस. अस्तराच्या खाली दोरखंडासारखे तंतू साठत जातात, गाल ताठर होतात, रंग फिकट संगमरवरी होतो, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. हे इतकं सावकाश होतं की माणूस नकळत खाण्याच्या सवयी बदलतो. बर्गर चपटा करून खातो, लाडू फोडून खातो, पाणीपुरी सोडून दहीपुरी चमच्यानं खातो. इंदुरात मी नव्या रुग्णाला विचारतेच, शेवटची अख्खी पाणीपुरी कधी खाल्ली? लोक हसतात, मग आठवायला लागतात, मग गप्प होतात.

आरशासमोर उभे राहा. तोंड जमेल तितकं उघडा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी घाला. तिन्ही बोटं गेली तर ठीक. दोनच जात असतील तर आजार पुढं गेलाय.

आणि याचं कारण तंबाखू नाही, सुपारी आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं रसायन आणि तिच्यातलं तांबं मिळून हे तंतू तयार करायला लावतात आणि तयार झालेले तंतू विरघळू देत नाहीत. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ असं वर्णन केलं. म्हणजे सत्तर वर्षांहून जुनी ओळख आहे, पाउच येण्याच्या कितीतरी आधीची. एर्नाकुलमच्या रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांत कॅन्सर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू न घालतासुद्धा, माणसात कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं. तेव्हा तंबाखू सोडून ‘सादी’ पुडी चालू ठेवणं म्हणजे दोन चोरांपैकी एकाला घरात ठेवण्यासारखं आहे. मीठी सुपारी, भाजकी सुपारी, चांदीचा वर्ख लावलेली सुपारी, सगळ्या सुपाऱ्याच. जेवणानंतरच्या मुखवासात सुपारीची कतरण असते, ती वाचून किंवा निवडून बघा. लग्नाच्या पंगतीत पोरांच्या हातात मीठी सुपारीची पुडी देणाऱ्या मामांना मी भर मांडवात बोलले आहे आणि घरच्यांचा रोषही ओढवून घेतलाय.

तुम्ही कदाचित म्हणाल, गुटखा तर मध्य प्रदेशात बंद आहे. आहे, १ एप्रिल २०१२ पासून, आणि देशात पहिली बंदी आपल्याच राज्यानं घातली. मग दुकानात पान मसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची वेगळी लटकू लागली, आणि दोन्ही तळहातावर ओतून तुम्ही जे करता तोच गुटखा. तोंडाला फरक कळत नाही.

या दुसऱ्या आजाराचा तुमच्या पहिल्या प्रश्नाशी असा संबंध आहे की तोंड आवळत गेलं की चट्टा दिसेनासा होतो. मागच्या दाढांजवळ आरसा जात नाही, तुकडा काढायला हत्यार जात नाही, उद्या शस्त्रक्रिया करायची तर भूल देणाऱ्यांना नळी घालणं कठीण होतं. आज तुम्हाला पाणीपुरी फोडून खावी लागते म्हणजे अजून आत बघता येण्याइतकी जागा आहे. ती आहे तोवर बघून घ्या.

साठलेले तंतू पूर्ण जात नाहीत, हे स्पष्ट सांगते. पण सुपारी बंद केली तर पुढं वाढणं बहुतेकांत थांबतं, झोंबणं काही आठवड्यांत कमी होतं. गालात इंजेक्शनं देतात, गोळ्या देतात, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तोंड उघडण्याचा व्यायाम. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि दर आठवड्याला एखादी वाढवायचा प्रयत्न करायचा. कंटाळवाणं आहे. जे करतात त्यांचं तोंड उघडतं, जे इंजेक्शनांवर विसंबतात त्यांचं पुन्हा आवळतं. मात्र चट्टा असलेल्या बाजूनं व्यायाम बायॉप्सीनंतर, डॉक्टरांना विचारूनच.

सोडण्याबद्दल उपदेश करणार नाही. सोळा वर्षांची सवय काय असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. व्यवहाराचं बोलू. ‘हळूहळू कमी करतो’ म्हणणारे माझ्याकडे सात पुड्यांवरून तीनवर येतात आणि महिन्याभरात परत सातवर. एक दिवस ठरवून बंद करणारे जास्त टिकतात, असा माझा अनुभव. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट : चिडचिड, झोप नाही, डोकं जड. दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढ्यात लवंग, वेलची, बडीशेप, पाणी, एक चक्कर. सकाळचा चहा, जेवणानंतर आणि गाडी चालवताना, या तुमच्या तीन धोक्याच्या वेळा असणार. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं : थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचं, पुन्हा चावायचं, आणि त्या दरम्यान चहा-कॉफी नाही. तुमचे गाल ताठर असतील तर चावणं जड जाईल, मग चोखायची गोळी किंवा कातडीवर लावायची पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. सरकारची फुकट मदतवाहिनी १८००-११-२३५६, हिंदीत बोलता येतं. लाज वाटत असेल तर फोनवर चेहरा दिसत नाही. आणि तंबाखू-सुपारी सुटेपर्यंत बायॉप्सी थांबवू नका; दोन्ही एकाच आठवड्यात सुरू होऊ शकतात.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असतेच. शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत ही तपासणी खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैशांत होते. सकाळी लवकर जा. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत ठेवा. पुढं शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे.

तर क्रम असा. उद्या सकाळी खिडकीजवळ उभं राहून, मोबाइलचा दिवा लावून, गाल बोटानं ओढून चट्ट्याचा फोटो काढा आणि तारीख लिहा. तीन बोटांची मोजणी करा आणि किती गेली तेही लिहा. दुसरा गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, खालच्या ओठाची आतली बाजू बघून घ्या, मान आणि जबड्याखाली बोटं फिरवा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी करा. मग या आठवड्यात तुमच्या त्याच दंतवैद्यांकडे जा किंवा तोंडाच्या विकारांच्या डॉक्टरांकडे, आणि चट्ट्याआधी त्यांना पाणीपुरीचं सांगा.

आईंना घरी ठेवून चोरून जाऊ नका, त्यांना बरोबर न्या. माझ्याकडे अशा आया येतात तेव्हा मी त्यांना खुर्चीशेजारी उभं राहू देते आणि काम झाल्यावर बाटली हातात देते. त्या उजेडासमोर धरून बघतात, तळाशी तो इवलासा तुकडा. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘एवढाच?’